वालकूरच्या बर्फात गाडीची पहिली सर्व्हिसिंग

"गाडीबद्दल काही तक्रार?" मिस्त्रीने विचारले.

"छे, काहीच नाही. नवीकोरी तर आहे!" दादा म्हणाला.

वहिनींनी शांतपणे पर्स उघडली, त्यातून एक छोटी वही काढली आणि काउंटरवर ठेवली. "काही नाही कसं, अहो? चांगल्या सात तक्रारी आहेत."

दादाचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. पण काउंटरपलीकडचा साठीतला मिस्त्री मात्र खुलला. त्याने चष्मा डोळ्यांवर घेतला, वही स्वतःकडे ओढली आणि वहिनींना म्हणाला, "मादाम, तुमच्यासारखी गिऱ्हाइकं मला वर्षातून दोनच मिळतात."

स्थळ होते कॅनडातल्या क्युबेक प्रांतातले एक लहानसे गाव. महिना फेब्रुवारी. बाहेर पारा शून्याखाली अठरा अंशांवर, आणि वर्कशॉपच्या दारात उभी होती दादाची नवी स्नोमोबाइल. जिच्यासाठी एवढा खटाटोप चालला होता, ती पहिल्या सर्व्हिसिंगला आलेली बर्फावरची गाडी!

दादा म्हणजे माझा मावसभाऊ. मूळचा मिरजेचा, नोकरीच्या निमित्ताने वीस वर्षांपूर्वी मॉन्ट्रियलला गेला आणि तिथेच स्थिरावला. "एकदा हिवाळ्यात ये," असा त्याचा दरवर्षी आग्रह असे, आणि मी दरवर्षी उन्हाळ्याचे निमित्त शोधत असे. शेवटी गेल्या फेब्रुवारीत धीर करून गेले. नायगारा पाहीन, उंच इमारती पाहीन, अशा माझ्या कल्पना होत्या. प्रत्यक्षात त्या आठवड्यातला सर्वात लक्षात राहिलेला दिवस मी एका गॅरेजमध्ये, ग्रीस आणि वितळत्या बर्फाच्या वासात घालवला. त्या दिवसाचीच ही हकिगत.

पांढरा मुलूख

मॉन्ट्रियलहून पूर्वेला निघाले की तासाभरात शहर मागे पडते आणि 'एस्त्री' नावाचा प्रदेश सुरू होतो. लहान टेकड्या, गोठलेली तळी, मेपलच्या बागा आणि प्रत्येक गावात आकाशात घुसलेला चर्चचा चकचकीत मनोरा. पाट्या सगळ्या फ्रेंच. मोटारींच्या नंबरप्लेटवरही 'मला आठवते' या अर्थाचे फ्रेंच बोधवाक्य. बर्फ इतका, की शेताच्या कुंपणाचे खांब तेवढे टोके वर काढून उभे!

हमरस्त्यावर मधूनच एक वेगळी खूण दिसते. पाटीवर स्कीवाल्या गाडीचे चित्र असते आणि शेतातून आलेली एक रुंद पांढरी पायवाट रस्ता ओलांडून पलीकडच्या रानात शिरते. हा स्नोमोबाइलचा मार्ग. क्युबेकमध्ये असे मार्ग तीस हजार किलोमीटरहून अधिक आहेत. गावोगावचे क्लब ते सांभाळतात. स्वयंसेवक हिवाळ्याआधी झाडाझुडपांची छाटणी करतात, पाट्या लावतात आणि रात्री मोठ्या यंत्राने बर्फ दाबून सपाट करतात. बरेचसे मार्ग खाजगी शेतांतून जातात. शेतकरी परवानगी देतो, गाडीवाले वार्षिक वर्गणी भरतात आणि ठरल्या वाटेवरूनच जातात. आपल्याकडे दिंडीला शेतातून वाट देतात, त्याची मला आठवण झाली.

आता ही गाडी असते कशी? पुढे चाकांऐवजी दोन स्की, म्हणजे बर्फावर घसरणाऱ्या पट्ट्या. हँडल वळवले की त्या वळतात. मागे रबराचा रुंद, दातेरी, गोल फिरणारा पट्टा, ज्याला ट्रॅक म्हणतात. रणगाड्याचा असतो ना, तसा, पण हलका. इंजिनाची शक्ती एका बेल्टमार्फत मागे जाते. कायनेटिक होंडा किंवा ऍक्टिव्हासारख्या बिनगिअरच्या स्कूटरमध्ये असतो त्याच जातीचा हा बेल्ट. बसायला मोटरसायकलसारखी सीट, ऍक्सिलरेटर उजव्या अंगठ्याशी. वजन दोनशे ते तीनशे किलो, आणि वेग मनात आणला तर ताशी शंभराच्याही पुढे.

दादाने ही गाडी डिसेंबरात घेतली. कोणत्या कंपनीची आणि कोणत्या दुकानातून, ते सांगण्याचे कारण नाही. जे झाले ते कुठेही होऊ शकते.

नवी म्हणजे निर्दोष नव्हे

"मला एक कळत नाही," मी मिस्त्रीला म्हटले. दादा दुभाष्या होता. "कारखान्यातून सगळं तपासूनच गाडी बाहेर पडत असेल ना? मग नव्या गाडीत दोष येतात कुठून?"

मिस्त्रीने हात पुसले. "गाडी कारखान्यातून जशीच्या तशी तुमच्या अंगणात उतरत नाही, मादाम. ती खोक्यातून येते. स्की, हँडल, काच असे काही भाग सुटे किंवा दुमडलेले असतात. ते दुकानातला माणूस जोडतो. स्की सरळ करतो, बॅटरी जोडतो, तेल-पाणी बघतो, ट्रॅकचा ताण बघतो. हंगामाच्या तोंडाला एका दिवसात चार-पाच गाड्या जोडायच्या असतात. माणूस आहे, एखादा नट राहतो."

"आणि दुसरी गोष्ट," तो पुढे म्हणाला, "नवी गाडी पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये बदलते. ट्रॅकचं रबर ताणतं. साखळी बसते. स्प्रिंगा नरमतात. नट-बोल्ट आपापल्या जागी रुळतात. म्हणजे पहिल्या दिवशी बरोबर असलेलं मापही नंतर बरोबर राहत नाही. म्हणून पहिली सर्व्हिसिंग. ती तेल बदलण्यासाठी नसते, जोडणी पुन्हा तपासण्यासाठी असते."

दादाच्या गाडीच्या पुस्तकात ही तपासणी पाचशे किलोमीटरला सांगितली होती. प्रत्येक कंपनीचा आकडा वेगळा असतो आणि आपल्या पुस्तकात असेल तोच खरा मानायचा.

आपल्याकडे नव्या स्कूटरबरोबर फुकट सर्व्हिसिंगची कुपने मिळतात, ती आठवा. आपण काय करतो? सकाळी गाडी टाकतो, "ऑइल बदला, पाणी मारा" म्हणतो आणि संध्याकाळी चकाचक गाडी घेऊन घरी येतो. गाडीने पहिल्या महिन्यात काय काय सांगितले, ते सांगतो का कुणी? दादाही तेच करणार होता. वहिनींची वही आडवी आली म्हणून बरे!

ती वही मला नंतर वाचायला मिळाली. दूधवाल्याचा हिशेब लिहावा तशा साध्या मराठीत लिहिलेली:

१. सरळ वाटेवर गाडी डावीकडे ओढते.
२. गाडी सरळ जाताना हँडल थोडे उजवीकडे वळलेले असते.
३. जोरात ब्रेक लावला की खालून खट्खट् आवाज.
४. कूलंटची पातळी खुणेच्या खाली गेली.
५. रात्री दिव्याचा झोत झाडांच्या शेंड्यावर.
६. पिंकी मागे बसली की मागचा भाग दबतो, हँडल हलके लागते.
७. उजव्या हाताची गरम मूठ मधूनच थंड पडते.

"मी यांना म्हणत होते," वहिनी मला म्हणाल्या, "तर म्हणायचे, तुला चालवायची सवय नाही म्हणून तसं वाटतं. वन्सं, मला सवय नसेल. पण पाचही रविवारी डावीकडेच कशी हो ओढेल?"

मिस्त्रीने गाडी आत घेतली आणि घड्याळाकडे पाहिले. खालचा सगळा भाग बर्फाने लिंपलेला होता. "हा बर्फ वितळल्याशिवाय एकही माप खरं येणार नाही. दोन-तीन तास लागतील. पाहुण्याबाईंना तोवर वालकूर दाखवून आणा. अर्ध्या तासावर आहे. ही गाडी जन्माला का आली, ते तिथे कळेल."

वालकूरचे गॅरेज

वालकूर हे तसे छोटेसे गाव. पण बर्फावरच्या गाड्यांच्या जगात त्याचे स्थान फार मोठे आहे. जोसेफ-आर्मां बोंबार्दिए हा माणूस १९०७ साली इथलाच एका शेतकरी कुटुंबात जन्मला. त्याचे जुने गॅरेज इथल्या संग्रहालयात जपून ठेवले आहे. शेजारी त्याची यंत्रे मांडली आहेत.

मुलगा लहानपणापासून यंत्रवेडा. पंधरा वर्षांचा असताना, १९२२ च्या अखेरीस, त्याने जुन्या फोर्ड मोटारीचे इंजिन एका घसरगाडीवर चढवले, मागे विमानासारखा लाकडी पंखा लावला आणि भावाला बरोबर घेऊन ते धूड गावातून चालवून दाखवले! पंखा उघडाच होता. वडिलांनी तो प्रकार पाहिला आणि ताबडतोब मोडून टाकायला लावला. वडिलांचेही चुकले नव्हते. पण मुलाच्या डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. १९२६ साली त्याने स्वतःचे गॅरेज काढले. उन्हाळ्यात मोटारींची दुरुस्ती करायची आणि हिवाळ्यात बर्फावर चालणाऱ्या वाहनाचे प्रयोग, असा त्याचा क्रम सुरू झाला.

त्या काळी इथल्या खेड्यांत हिवाळ्यात रस्ते बंद होत. मोटारी नोव्हेंबरात घरात जात त्या वसंतात बाहेर निघत. जाणे-येणे घोड्याच्या घसरगाडीतून.

१९३४ च्या जानेवारीत बोंबार्दिएचा दोन वर्षांचा मुलगा इव्हाँ आजारी पडला. आंत्रपुच्छाचा दाह होऊन पोटात विष पसरत होते. शस्त्रक्रिया हवी होती. रुग्णालय होते शेरब्रुकला, सुमारे पन्नास किलोमीटरवर. रस्ते बर्फाने बंद. आणि बर्फावर चालणारी वाहने बनवण्यासाठी रात्रंदिवस झटणाऱ्या त्या बापाच्या हाताशी त्या दिवशी चालू शकेल असे एकही वाहन नव्हते.

मूल गेले.

त्या मजकुरासमोर आम्ही तिघे बराच वेळ उभे होतो. पिंकी शाळेत होती म्हणून बरे, असे मला वाटले. वहिनी काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त शालीचे टोक घट्ट धरले होते.

बोंबार्दिए थांबला नाही. दातेरी चाक आणि त्यावरून फिरणारा रबरी पट्टा अशी रचना त्याने सिद्ध केली. १९३७ साली तिचे पेटंट मिळाले आणि सात माणसे बसतील अशी लाकडी अंगाची 'बी-७' गाडी तयार झाली. 'बी' म्हणजे बोंबार्दिए आणि ७ म्हणजे सात प्रवासी. मागून बारा जणांची 'बी-१२' आली, जहाजासारख्या गोल खिडक्यांची. या गाड्यांतून डॉक्टर रोग्यांकडे जाऊ लागले, टपाल पोचू लागले, मुले शाळेत जाऊ लागली. ज्या वाटेवर इव्हाँला नेता आले नाही, तसल्या वाटांवरून आता रोगी रुग्णालयात पोचू लागले. १९४२ साली त्याने रीतसर कंपनी काढली. १९४८ पासून सरकारने खेड्यांतले रस्तेही हिवाळ्यात मोकळे करायला सुरुवात केली, तेव्हा मोठ्या गाड्यांची मागणी घटली. पण एक-दोन माणसांच्या हलक्या गाडीचे जुने स्वप्न बाकी होते. ते १९५९ साली 'स्की-डू'च्या रूपाने पुरे झाले. कुत्र्यांच्या घसरगाडीची जागा घेणारी म्हणून तिचे नाव 'स्की-डॉग' ठेवायचे होते, चुकून 'स्की-डू' झाले आणि तेच टिकले, असे सांगतात! पहिल्या गाड्यांपैकी एक उत्तर ओंटारियोच्या एका मिशनरी पाद्र्याकडे गेली, दूरच्या वस्त्यांवर जाण्यासाठी.

१९६४ साली, वयाच्या ५६ व्या वर्षी बोंबार्दिए वारला. आज ही गाडी बहुतांशी मौजेची झाली आहे. पण तिचे मूळ मौजेत नाही. एका बापाला वेळेवर न मिळालेल्या वाहनात ते आहे.

माप, काटकोन आणि एक नट

परत आलो तेव्हा वर्कशॉपच्या फरशीवर पाण्याचे थारोळे साचले होते आणि गाडीचा मागचा भाग घोडीवर उचलून ठेवलेला होता.

"आधी ट्रॅक, मग स्की," मिस्त्री म्हणाला. "कारण स्कीचं माप ट्रॅकवरून घेतात. पायाच वाकडा असेल तर भिंत सरळ कशी येणार?"

त्याने ट्रॅकच्या खालच्या बाजूला मधोमध पुस्तकात सांगितलेले वजन अडकवले आणि तो किती झोळ घेतो, ते पट्टीने मोजले. झोळ जास्त होता. नवा ट्रॅक ताणला होता. ट्रॅक सैल झाला की ब्रेक लावताना आतले दाते एकमेकांवरून उडी मारतात. तीच वहिनींची तिसरी तक्रार, खट्खट्! "मग एकदम घट्ट का नाही करत?" या माझ्या प्रश्नावर तो हसला. फार घट्ट केला तर गाडीची ताकद फुकट जाते आणि झीज वाढते. वेणीसारखेच आहे म्हणायचे, फार सैल घातली तर सुटते, फार घट्ट घातली तर डोके दुखते!

मग त्याने आम्हाला बाजूला उभे केले. "मागे कुणी थांबायचं नाही. अडकलेला खडा गोळीसारखा सुटतो." इंजिन चालू करून ट्रॅक अगदी हळू फिरवला. ट्रॅक ज्या दोन प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवरून घसरतो, त्यांच्या मधोमध तो फिरायला हवा. आमचा एका बाजूला चिकटून चालला होता. मागच्या दोन बोल्टांना थोडे थोडे फिरवून त्याने तो मध्यावर आणला, पुन्हा ताण मोजला आणि मगच घोडी सोडली.

इथे एक मजेची गोष्ट कळली. या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांना वंगण कशाचे? बर्फाचे! बऱ्याच गाड्यांचे इंजिन थंड ठेवायलाही ट्रॅकने उडवलेला बर्फच कामी येतो. त्यामुळे उणे वीस अंशांतसुद्धा कडक, गुळगुळीत बर्फावर लांब गेले तर ही गाडी चक्क तापते. थंडीत तापणारे यंत्र मी पहिल्यांदाच पाहिले.

चौथी तक्रार कूलंटची. नव्या गाडीत भरताना नळ्यांत अडकलेली हवा हळूहळू निघते आणि पातळी उतरते. तरी त्याने प्रत्येक जोड बोटाने चाचपला, गळती नाही याची खात्री केली आणि मगच कूलंट भरले. सहावी तक्रार मागचा भाग दबण्याची. दुकानातून गाडी एका हलक्या माणसाच्या हिशेबाने बांधून आली होती. त्याने दादाला बसवले, दादाच्या मागे मला बसवले (पिंकीपेक्षा मी पुष्कळच भारी, हे सांगावे लागले), सस्पेन्शन किती दबते ते मोजले आणि पिंकीच्या वजनाचा अंदाज घेऊन स्प्रिंग वाढवली. मागचा भाग दबला की पुढचा उचलतो. स्की बर्फाला नीट धरत नाहीत म्हणून हँडल हलके, आणि दिवा वर बघतो म्हणून झोत शेंड्यावर. म्हणजे पाचवी आणि सहावी तक्रार एकाच दुखण्याची दोन लक्षणे निघाली! सातवी सर्वात सोपी: हँडल बसवताना मुठीच्या वायरीचा जोड पुरता दाबलेला नव्हता. "टक्" असा आवाज झाला आणि काम संपले.

राहिल्या पहिल्या दोन. मिस्त्रीने हँडल मधोमध बांधले. एक लांब सरळ पट्टी ट्रॅकला समांतर धरून ती पुढे स्कीपर्यंत नेली. पट्टीपासून स्कीच्या पुढच्या टोकाचे अंतर, मग मागच्या टोकाचे. उजवी ठीक. स्कीची टोके किंचित, अगदी काही मिलिमीटर, बाहेर उघडलेली असावी लागतात. डावी मात्र भलतीकडेच वळलेली होती.

तो खाली वाकला. बॅटरी मागितली. मग काही न बोलता दादाला बोटाने जवळ बोलावले.

हँडलपासून स्कीपर्यंत एक दांडा जातो, टाय रॉड. त्याची लांबी कमीजास्त करून स्की सरळ करतात आणि माप जमले की चेकनट आवळून दांडा पक्का करतात. डाव्या दांड्याचा चेकनट आवळलेलाच नव्हता. मिस्त्रीने तो पान्याने नव्हे, दोन बोटांनी फिरवून दाखवला. पाचशे किलोमीटरच्या धक्क्यांनी दांडा थोडा थोडा फिरत गेला होता.

"अजून किती चालली असती?" दादाने विचारले.

"कदाचित हंगामभर," मिस्त्री म्हणाला. "कदाचित पुढच्या रविवारपर्यंत. डावीकडे ओढत होती ना? ती तेच सांगत होती."

कुणी काही बोलले नाही. आदल्याच रविवारी दादा पिंकीला मागे बसवून गोठलेल्या तळ्यापलीकडे गेला होता. तिथून परतताना दोन्ही बाजूंना झाडे असलेला उतार आहे. दादा त्या नटाकडे पाहत होता आणि वहिनी दादाकडे. त्या काही बोलल्या असत्या तरी त्याला बरे वाटले असते.

मिस्त्रीने माप जुळवले, दोन्ही बाजूंचे चेकनट ठरलेल्या जोराने आवळले आणि प्रत्येकावर रंगाची एक रेघ ओढली. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसेल. मग बाकीची यादी: साखळीच्या पेटीतले तेल, बेल्टची कड, ब्रेकची नळी कुठे घासत तर नाही ना, ऍक्सिलरेटर सोडल्याबरोबर झटकन मागे येतो का, आणि चालकाच्या अंगाला बांधायची दोरी ओढली की इंजिन बंद पडते का. शेवटी त्याने स्वतः गाडी अंगणात फिरवली, दादाला फिरवायला लावली, आणि सर्वात शेवटी हेल्मेट वहिनींच्या हातात दिले.

"तक्रार तुमची होती. पास-नापास तुम्हीच ठरवा."

वहिनी गेल्या, शेताच्या कडेने एक लांब फेरी मारून आल्या. हेल्मेट काढून म्हणाल्या, "सरळ जाते."

दादाने दुकानदाराशी भांडण केले नाही. मात्र मिस्त्रीने लिहून दिलेला कागद घेऊन तो दुसऱ्या दिवशी तिथे गेला आणि त्या महिन्यात जोडलेल्या बाकीच्या गाड्याही बोलावून तपासा, असे सांगून आला. "आपली तर झाली दुरुस्त," मी म्हटले. तो म्हणाला, "दुसऱ्या कुणाच्या मागे पण एखादी पिंकी बसत असेल."

परतीच्या वाटेवर

त्या संध्याकाळी वाटेवरच्या एका विश्रांतिगृहात थांबलो. लाकडी खोली, मधे धगधगणारी शेगडी, भिंतीशी वाळत घातलेले हातमोजे. वाटाण्याचे दाट सूप आणि बटाट्याच्या तळलेल्या कापांवर चीज व गरम रस्सा घातलेले 'पुतीन' समोर आले. बाहेर एकामागून एक दिवे येत होते, जात होते. आपल्या गाडीचा झोत आता वाटेवर पडतो की नाही, ते दादा दर वेळी उठून पाहत होता.

"वन्सं, मला यंत्रातलं काही कळत नाही हो," वहिनी म्हणाल्या. "पण कळत नाही म्हणून दिसत नाही, असं थोडंच आहे?"

हे वाक्य मी मनात घेऊन आले. आपण नवी वस्तू घरी आणतो, मग ती स्कूटर असो, गॅसची शेगडी असो की गीझर असो. तिचे पेढे वाटतो, हार घालतो आणि तिच्यात काही खटकले तर आपलेच चुकत असेल म्हणून गप्प बसतो. "नवीन आहे, रुळेल हळूहळू." काही गोष्टी खरोखरच रुळतात. काही मात्र रुळत नसतात, सुटत असतात. त्यातला फरक जाणकाराला कळतो, पण जाणकाराला आधी कुणी तरी सांगावे लागते.

बर्फावरची ही गाडी भारतातही आहे. गुलमर्गला किंवा मनालीजवळ सोलंगला गेलात तर 'स्नो स्कूटर' म्हणून भाड्याने मिळते आणि मुले हटकून हट्ट धरतात. अवश्य बसा, मौज आहेच. पण बसण्याआधी दोन मिनिटे घ्या. हेल्मेट मागा, मुलांच्या मापाचे मागा. इंजिन बंद असताना ऍक्सिलरेटर दाबून सोडायला सांगा. तो झटकन मागे यायला हवा. ब्रेक लागतो का पाहा. इंजिन बंद करण्याची कळ कुठे आहे, ते विचारा. ओढणी, मफलर, शालीची टोके आत खोचा. आणि चालू गाडीच्या मागे मुलांना उभे करू नका. यासाठी यंत्रातले काही कळावे लागत नाही.

मुंबईला परतल्यावर मी पहिली गोष्ट काय केली असेल? एक छोटी वही आणली आणि स्कूटरच्या डिकीत टाकली. पहिल्याच आठवड्यात तिच्यात तीन ओळी जमल्या. त्यातली एक होती, 'ब्रेक लावला की गाडी डावीकडे ओढते.' एरवी मी ती रस्त्याच्या माथी मारली असती.

जाणार असाल तर...

* वालकूर मॉन्ट्रियलपासून मोटारीने साधारण दीड तासावर आहे. संग्रहालय पाहायला दोन तास हाताशी ठेवा. उघडे असण्याचे दिवस व वेळा आधी विचारून घ्या.
* बर्फाचे मार्ग पाहायचे तर जानेवारी-फेब्रुवारी उत्तम. मार्चमध्ये मेपलचा रस काढण्याचा हंगाम सुरू होतो, तोही पाहण्यासारखा.
* कपडे थरावर थर घाला: आत अंगाबरोबर बसणारे, मधे लोकरी, बाहेर वारा अडवणारे. हातमोजे आणि बूट यांत काटकसर नको.
* स्नोमोबाइलवर प्रथमच बसणार असाल तर वाटाड्याबरोबर जा. एकट्याने नाही, आखलेली वाट सोडून नाही, आणि खात्री नसलेल्या गोठलेल्या तळ्यावर तर मुळीच नाही.